वेगाचे कॅमेरे आणि ई-चलान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर जुलै २०२४ पासून नवी वाहतूक नियंत्रण यंत्रणा, म्हणजे आयटीएमएस, सुरू झाली आणि ‘वेगमर्यादेचे उल्लंघन’ असा मेसेज घरोघरी पोहोचला. त्यानंतर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. उत्तरे महाराष्ट्रातल्या रस्त्यांना धरून आहेत. कायदा केंद्राचा असल्याने त्याचा बराच भाग इतर राज्यांतही लागू पडतो.

कॅमेरा वेग मोजतो कसा? नुसत्या फोटोवरून?

वेग बहुधा कॅमेरा मोजत नाही, त्याच्या शेजारी बसवलेले रडार मोजते. कॅमेऱ्याचे काम गाडी आणि नंबर प्लेट टिपणे.

रडार गाडीवर रेडिओ लहरी सोडते. गाडीवर आपटून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता गाडीच्या वेगाप्रमाणे थोडी बदललेली असते. रेल्वेचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तसेच हे. २४.१२५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या रडारमध्ये ताशी एक किलोमीटर वेगामागे साधारण ४४.७ हर्ट्झचा फरक पडतो. गाडी शंभरने येत असेल तर फरक ४,४७० हर्ट्झच्या आसपास. एवढा फरक मोजणे इलेक्ट्रॉनिक्सला अजिबात जड नाही. त्यामुळे ‘मशीनने ९० चे १२० केले’ ही तक्रार खरी निघण्याची शक्यता कमी असते. घोळ होतो तो दुसरीकडे, आणि ते पुढे येतेच.

काही ठिकाणी रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून वेळ मोजतात. दोन वेटोळ्यांत एक मीटर अंतर असेल तर शंभरच्या वेगाने ते कापायला ३६ मिलिसेकंद लागतात.

गॅन्ट्री (रस्त्यावरची कॅमेऱ्यांची कमान) दिसली की ब्रेक मारला, मग वेग वाढवला. चालेल का?

एका जागी मोजणाऱ्या कॅमेऱ्यापुरते कदाचित चालेल, पण एक्स्प्रेस वेवर सरासरी वेगही पाहतात. पहिल्या गॅन्ट्रीवर तुमचा नंबर वेळेसकट नोंदला जातो, पुढच्या गॅन्ट्रीवर पुन्हा नोंदला जातो आणि अंतराला वेळेने भागले जाते. दहा किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत पार केले तर सरासरी १०९ येते, मग दोन्ही गॅन्ट्रींखालून तुम्ही ८० ने गेला असलात तरी.

सरासरीची पद्धत चालकाला बऱ्यापैकी उदार आहे. आठ किलोमीटर १२० ने आणि दोन किलोमीटर ६० ने गेलात तर सरासरी बरोबर १०० भरते. मधे फूड मॉलला थांबून वडापाव खाल्लात तर ती आणखी खाली येते. म्हणूनच सरासरीचे चलान आले असेल तर ‘मी क्षणभरच ओव्हरटेक केले’ हा बचाव टिकत नाही. घड्याळातल्या चुकीचा मुद्दाही लांब अंतरावर फुसका आहे. दहा किलोमीटरमागे एक सेकंदाची चूक झाली तरी वेगात पाव किलोमीटरच्या आसपासच फरक पडतो. दोन गॅन्ट्री दोनच किलोमीटरवर असतील तर मात्र तीच चूक जवळजवळ दीड किलोमीटरची होते.

रस्त्याकडेला उभ्या इंटरसेप्टर गाडीतली ‘स्पीड गन’ वेगळी असते का?

हो. तिच्यात बहुधा लेझर असतो. गन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रकाशाचे शेकडो ठोके अर्ध्या सेकंदाच्या आत सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला यावरून गाडी किती सरकली ते काढते. झोत अरुंद असतो, तीनशे मीटरवर साधारण मीटरभर रुंद. त्यामुळे गर्दीतही एकच गाडी धरता येते.

गन हातात धरलेली असेल तर नेम ढळू शकतो. झोत बॉनेटवरून काचेवर किंवा गाडीच्या बाजूने मागे घसरला तर गाडीच्या वेगात झोताच्या घसरण्याचाही हिशेब मिसळतो आणि आकडा चुकतो. चांगल्या गन असे वाचन स्वतःहून नाकारतात. तिकाटण्यावर बसवलेल्या गनमध्ये हा धोका कमी.

गन रस्त्याच्या कडेला तिरकी धरली तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. वीस अंशांच्या कोनात शंभरचा वेग ९४ दिसेल.

मग पक्क्या बसवलेल्या रडारला हा कोन बाधत नाही?

त्याला कोन आधीच सांगून ठेवलेला असतो आणि ते तेवढी भरपाई करते. म्हणजे भरपाई चुकीची असू शकते. यंत्राला २२ अंश सांगितले आणि खांब प्रत्यक्षात २० अंशांत बसला, तर वेग सव्वा टक्क्याहून थोडा जास्त दिसतो. १०० च्या जागी १०१.३. वाऱ्याने खांब हलला, टेम्पोने धडक दिली, दुरुस्तीत ब्रॅकेट फिरले, की असे होते. वळणावर बसवलेल्या रडारला तर गाडीची दिशाच क्षणाक्षणाला बदलताना दिसते. म्हणून मर्यादेपेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त दाखवणारे चलान आणि तीस किलोमीटर जास्त दाखवणारे चलान, या दोन्हींना एकाच युक्तिवादाने सामोरे जाऊ नका. दुसऱ्या प्रकारात कोनाचा मुद्दा काढणे व्यर्थ आहे.

फ्लॅश पडलाच नाही, मग फोटो आला कुठून?

रात्री अवरक्त दिवे वापरतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण उच्च सुरक्षा नंबर प्लेटवरचा परावर्तक पृष्ठभाग त्यांत लख्ख उजळतो.

माझ्या काट्यावर ९८ होते. चलानात १०४ कसे?

कंपनीने बसवलेला स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सहसा थोडा जास्त दाखवतो. कमी दाखवू नये असा मानकांचा दंडकच आहे. म्हणजे काटा ९८ वर असेल तर खरा वेग ९८ किंवा त्याहून कमी असायला हवा. उलटे घडले असेल तर आधी टायर बघा. १८५/६५ आर १५ च्या टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, २०५/६५ आर १५ चा ६४७.५. फरक ४.२ टक्के. रुंद टायर टाकून घेतलेल्या गाडीत काटा मागे राहतो आणि चालकाला पत्ता नसतो. टायर कंपनीचेच असतील तर बहुतेकदा चालकाची नजर काट्यावर पडली तो क्षण आणि यंत्राने मोजले तो क्षण वेगळा असतो. बाकी काही नाही.

मर्यादा नेमकी किती? गूगल मॅप वेगळेच सांगतो.

मॅपवरचा आकडा पुरावा नव्हे. रस्त्यावरची पाटी आणि तिच्यामागची अधिसूचना बघायची. एक्स्प्रेस वेवर मोटारींना सपाटीवर १०० आणि बोरघाटात ६०. समृद्धीवर सपाटीला १२०, घाटात १००. मुंबईच्या कोस्टल रोडला सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि रस्त्यावर येण्या-जाण्याच्या मार्गांवर ४०. ट्रक-बसच्या मर्यादा याहून कमी. सर्वाधिक चलाने लोकांना बसतात ती मर्यादा बदलते तिथे. खालापूरच्या पुढे घाट सुरू झाला, पाटी मागे गेली, पाय तसाच राहिला.

इथे कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे एखाद्या पट्ट्यात वेगळी मर्यादा लावायची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर योग्य पाट्याही हव्यात. महिनाभराच्या आतले तात्पुरते निर्बंध असतील तर अधिसूचनेतून सूट आहे. झाडीत लपलेली, पडलेली किंवा कामासाठी काढून ठेवलेली पाटी हा म्हणूनच खरा मुद्दा आहे. मात्र फोटो लगेच काढून ठेवा. महिन्याने गेलात तर पाटी जागेवर उभी असेल.

चलानात काय काय असायलाच हवे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. तो इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या चलानांपुरता आहे आणि आक्षेप घेताना सगळ्यात उपयोगी तोच पडतो. त्याप्रमाणे उल्लंघन आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा, यंत्राने मोजलेला आकडा हवा, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे, कायद्याचे कोणते कलम मोडले ते हवे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असते. शिवाय यंत्राला राज्याच्या नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, आणि कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याआधी इशाऱ्याची पाटी हवी. उल्लंघनाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असेही २०२१ च्या नियमात आहे.

यातले एखादे नसले की चलान आपोआप बाद होते, असे व्हॉट्सॲपवर फिरते. तसे नाही. उणीव तुम्ही लेखी दाखवायची, मग निर्णय होतो.

फोटोत आधी काय बघू?

नंबर. एक-एक अक्षर. वाचन सॉफ्टवेअर करते आणि ते इंग्रजीतल्या ‘बी’ला आठ, ‘डी’ला शून्य, ‘एस’ला पाच समजू शकते. चिखल, वाकलेली प्लेट, स्क्रूचे डोके नेमके अक्षरावर, यांनीही चूक होते. प्लेटवर ४१४१ आकडे ‘दादा’ दिसावेत असे लिहून घेणाऱ्यांनी आपल्यासोबत दुसऱ्या कुणाचाही बळी जाऊ शकतो हे ध्यानात घ्यावे. अर्धवट वाचलेला नंबर कधीकधी दुसऱ्याच गाडीशी जुळतो.

मग गाडीचे मॉडेल, रंग, टपावरचा कॅरिअर, काचेवरचे स्टिकर. नंबर तुमचा पण गाडी तुमची नाही, असे दिसले तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरत आहे. ही बाब चलानापुरती ठेवू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पहिला फोन तुम्हालाच येईल.

मग शेजारची लेन. फोटोत दोन गाड्या बाजूबाजूला असतील तर मोजलेला वेग कुणाचा, हे चौकटीच्या खुणेवरून किंवा लेन क्रमांकावरून कळायला हवे. मोठा ट्रक रडारला छोट्या मोटारीपेक्षा ठसठशीत दिसतो.

दोन फोटो वेळेसकट दिलेले असतील तर वेग स्वतः पडताळता येतो. समजा दोन फोटोंत अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे. शंभरच्या वेगाने गाडी तेवढ्यात १३.९ मीटर सरकायला हवी. मोजपट्टी म्हणून गाडीच्याच दोन चाकांतले अंतर वापरा. ते मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच हॅचबॅकमध्ये सुमारे २.४५ मीटर. पहिल्या फोटोत मागचे चाक लेनच्या ज्या पट्टीशी आहे, तिथून दुसऱ्या फोटोत ते या अंतराच्या किती पट पुढे गेले ते बघा. आठच मीटर सरकली असेल तर वेग ५८ च्या आसपास होता आणि तुमच्या हातात पक्का मुद्दा आहे. पंधरा टक्क्यांचा फरक या हिशेबाने सिद्ध होत नाही, दुपटीचा होतो.

दंड किती?

कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. महाराष्ट्रात मोटारीला सहसा २,००० चे चलान येते. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. व्यवसायाने चालक असलेल्यांनी दोन हजारांपेक्षा याची धास्ती जास्त घ्यावी.

हरकत कशी घ्यायची?

पहिले म्हणजे पैसे भरू नका. दंड भरला की कायद्याच्या भाषेत तडजोड झाली, प्रकरण मिटले. ‘आधी भरतो, मग भांडतो’ हे इथे चालत नाही.

महाराष्ट्राच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलाने दिसतात. फोटो उतरवून घ्या, पानाचा स्क्रीनशॉटही ठेवा. चलान कुणी काढले ते नीट वाचा. शहर वाहतूक शाखा, महामार्ग पोलीस आणि परिवहन विभाग ही तीन वेगळी दारे आहेत. एक्स्प्रेस वेवरचे चलान घेऊन पुण्यातल्या चौकीत गेलात तर हात हलवत परत याल.

मग तक्रारीच्या पर्यायातून हरकत नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुदत चलानावर किंवा नोटिशीवर असते, ती चुकवू नका. मजकूर छोटा आणि एकाच मुद्द्याचा हवा. उदाहरणार्थ: ‘चलान क्रमांक अमुक. फोटोतील वाहन पांढरी सेदान आहे. माझे वाहन लाल हॅचबॅक आहे. सोबत आरसी, गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि त्या दिवशीचे फास्टॅग विवरण जोडले आहे. चलान रद्द करावे.’ बस. रस्त्यातले खड्डे, टोलची लूट, पोलिसांची वागणूक हे सगळे खरे असले तरी यात घालू नका. वाचणाऱ्याला मुद्दा सापडत नाही आणि अर्ज फेटाळायला निमित्त मिळते.

फास्टॅगचे विवरण नंबर चोरीच्या प्रकरणात फार कामाला येते. त्याच तासाला तुमची गाडी तासवडे टोलनाक्यावर असेल तर ती खोपोलीत असू शकत नाही.

कोणती कारणे ऐकून घेतली जात नाहीत?

‘रस्ता मोकळा होता’, ‘सगळेच त्या वेगाने जात होते’, ‘विमान चुकत होते’. दवाखान्याची तातडी खरी असेल तर दाखल केल्याची वेळ असलेला कागद जोडा. तो हक्क नाही, विनंती आहे. पण कागदासह केलेली विनंती निदान वाचली जाते.

कॅमेऱ्याची तपासणी झाली होती का, हे कसे कळेल?

माहिती अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागायचे ते असे: ‘दिनांक अमुक रोजी किलोमीटर अमुक येथे वापरलेल्या वेगमापन यंत्राचे नियम १६७अ खालील मान्यता प्रमाणपत्र, त्या दिवशी लागू असलेले वैधमापन पडताळणी प्रमाणपत्र आणि त्या पट्ट्याची वेगमर्यादा ठरवणारी अधिसूचना यांच्या प्रती मिळाव्यात.’ उत्तराला तीस दिवस असतात.

वैधमापनाचे नाव त्यात मुद्दाम आहे. वजनकाट्यावर जसा शिक्का लागतो, तशी वेग मोजणाऱ्या रडारांची पडताळणी आणि मुद्रांकन १ जुलै २०२५ पासून बंधनकारक झाले आहे. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या शिफारशीत रस्त्यावर चालणाऱ्या रडारला १०० पर्यंत अधिक-उणे तीन किलोमीटर आणि त्यापुढे तीन टक्के इतकी चूक चालते. तुमचे चलान याच फटीत बसत असेल तर प्रमाणपत्र मागण्याला अर्थ आहे.

गाडी मी चालवत नव्हतो.

चलान मालकाच्या नावाने येते, कारण कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस नाही. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे. ‘कोण चालवत होते आठवत नाही’ हे उत्तर महागात पडते. गाडी भावाला, मित्राला किंवा बदली चालकाला देणाऱ्यांनी तारीख-वेळ लिहायची सवय लावून घ्यावी.

गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, चलाने अजून माझ्याच नावावर.

आरसीवर नाव तुमचे आहे तोवर यंत्रणेच्या लेखी मालक तुम्हीच. विक्रीची सूचना फॉर्म २९ मध्ये, हस्तांतरणाचा अर्ज फॉर्म ३० मध्ये. एजंटला कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे झालेले लोक या रांगेत सर्वाधिक दिसतात. फॉर्म २९ ची पोच, ताबा पावती आणि खरेदीदाराच्या आधारची प्रत असेल तर हरकतीला जोडा. नसेल तर आधी आरटीओत जाऊन हस्तांतरणाचे काम संपवा, चलानाशी नंतर भांडा.

हरकत फेटाळली तर?

न्यायालयात जाता येते. चलान बराच काळ भरले नाही तर ते व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, कोर्टात किंवा स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे दंड मान्य करायचा की लढायचे हा पर्याय मिळतो. लढायचे ठरवले की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात येते, तारखा पडतात. दोन हजारांसाठी तीन वेळा वडखळहून अलिबागला खेटे घालणे परवडते का, हे ज्याचे त्याने ठरवावे. नंबर चोरीचे प्रकरण, लायसन्स धोक्यात असलेला चालक किंवा एकाच चुकीच्या नोंदीने आलेली आठ-दहा चलाने असतील तर परवडते.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नका. तिथे मिटवायचे की नाही हे तुमच्या हातात असते. मात्र एकदा मिटवले की त्यावर अपील नाही.

सहा महिन्यांपूर्वीचे चलान बाद होते, हे खरे का?

अर्धे खरे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, असा नियम आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४. पण पोर्टलवर चलान जुने दिसते याचा अर्थ ते वेळेत न्यायालयात गेले नव्हते असा होत नाही, आणि योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफही करू शकते. हा मुद्दा न्यायालयासमोर मांडायचा आहे. रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराशी यावर वाद घालून काही निघत नाही.

चलानाची लिंक व्हॉट्सॲपवर आली आहे, भरू का?

नको. मेसेजसोबत एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी, फाइल असेल तर उघडूही नका. ती मोबाइलमधले ओटीपी वाचून खाते रिकामे करण्यासाठी असते. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो, आणि तो ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून उघडायचा. खऱ्या चलानात गाडीचा नंबर, चलान क्रमांक आणि फोटो असतो. पोर्टलवर चलान दिसत नसेल तर मेसेज पुसून टाका.

बेळगाव किंवा पणजीला चलान झाले, गाडी एमएच १२ ची आहे.

ते महाराष्ट्राच्या पोर्टलवर शोधू नका. परिवहन मंत्रालयाच्या देशव्यापी ई-चलान पोर्टलवर गाडीच्या नंबराने बघा. हरकत ज्या राज्याने चलान काढले त्यांच्याकडेच जाते. अर्ज इंग्रजीत द्या म्हणजे भाषांतराच्या नावाखाली लटकणार नाही.